पोस्टर रंगवण्याआधी

वाचकाचं पत्र:

"मी चित्रकार आहे. एका जुन्या मित्राच्या सामाजिक उद्योगात हल्लीच भागीदार म्हणून आले. कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही परवडेल अशा किमतीत कानाचं मशीन देतो. मशीन चांगलं आहे, तपासणी नीट होते, शिबिरांना गर्दीही होते. पण काही महिन्यांनी फोन केले की कळतं, बरीचशी मशीन कपाटात पडून आहेत. मित्राचं म्हणणं, लोकांना महत्त्व पटलेलं नाही, जनजागृती कमी पडते. म्हणून मी पोस्टरांची मालिका करून द्यायची आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मांडताही येत नाही. मी म्हटलं, आधी लोकांच्या घरी जाऊन जरा बघू या का? तर तो म्हणाला, 'बघत बसायला आपण प्रदर्शन भरवलेलं नाही.' ते लागलं. तो वाईट नाही. पैसे उभे करण्यापासून तक्रारी ऐकण्यापर्यंत सगळं तोच करतो. पण या कामात कलाकाराचं नेमकं काम काय? रंग भरून देणं एवढंच? आणि या धावपळीत माझी स्वतःची चित्रं थांबली आहेत. मी अजून चित्रकार आहे का, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही."

नमस्कार,

पोस्टर काढू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुमच्या मित्राने एक वाक्य पक्कं धरलं आहे: लोकांना महत्त्व पटलेलं नाही. ते खरं असेलही, पण तपासलं कुणी? जो माणूस शिबिराला आला, रांगेत थांबला, तपासणी करून घेतली, पदरचे पैसे घालून मशीन घरी घेऊन गेला, त्याला महत्त्वच पटलं नव्हतं असं म्हणणं धाडसाचं आहे. महत्त्व पटलेलं होतं म्हणून तर तो आला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत, घराच्या चार भिंतींत कुठेतरी काहीतरी अडतं आणि मशीन कपाटात जातं. काय अडतं ते तुम्हा दोघांनाही ठाऊक नाही. ते ठाऊक नसल्याची टोचणी मात्र तुम्हाला एकटीला लागली आहे. तुम्हाला जे मांडता येत नव्हतं ते हेच असावं. आणि ही टोचणी लागणं हेच तुमचं या कामातलं पहिलं काम आहे.

१९६० च्या दशकात शिकागोमध्ये जेकब गेट्झल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन एक अभ्यास केला होता. खोलीत दोन टेबलं. एकावर २७ वस्तू ठेवलेल्या, दुसरं रिकामं. विद्यार्थ्याने हव्या त्या वस्तू उचलायच्या, रिकाम्या टेबलावर हव्या तशा मांडायच्या आणि त्यांचं चित्र काढायचं. काहींनी मोजक्या वस्तू झटकन उचलल्या, मांडल्या आणि उरलेला सगळा वेळ चित्र पुरं करण्यात घालवला. काही जण मात्र रेंगाळले. एकेक वस्तू हातात घेऊन उलटसुलट बघितली, तिचे हलणारे भाग हलवून पाहिले, मांडणी केली, मोडली, पुन्हा केली. चित्र सुरू झाल्यावरही बदलली. कुणी कसं काम केलं हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यापुढे नुसती चित्रं होती. त्यांनी ज्या चित्रांना अधिक अस्सल, अधिक वेगळी ठरवलं ती बहुतांशी या रेंगाळणाऱ्यांची निघाली. काही वर्षांनी पुन्हा चौकशी केली तेव्हा एकूण विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी कला सोडून दिली होती. जे टिकले आणि नावाला आले त्यांच्यातही हे रेंगाळणारेच पुढे होते.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की झटकन कामाला लागलेल्या मुलांच्या हातात कसब कमी नव्हतं. त्यांनी प्रश्न काय आहे हे लवकर ठरवून टाकलं, इतकंच. तुमच्या मित्राचंही तसंच झालं आहे. मशीन पडून आहेत हे दिसलं, कारण ठरलं, उपाय ठरला, उपायाची तारीख ठरली, आणि मग शेवटच्या टोकाला तुम्हाला ब्रश देऊन उभं केलं. तुमची जागा त्या टोकाला नाही. ती अलीकडे आहे, वस्तू उलटून बघायच्या टप्प्यावर.

पण म्हणून हे फक्त कलाकारांनाच जमतं, असा समज करून घेऊ नका. मित्राशी बोलताना तसा सूर लागला तर बोलणं तिथेच संपेल. चांगले सामाजिक उद्योजक आणि चांगले कलाकार एकाच जागी रेंगाळतात. दोघांच्या हातातलं साहित्य तेवढं वेगळं.

२००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना एक काम मिळालं होतं: गरीब देशांसाठी स्वस्तातला इनक्युबेटर, म्हणजे नाजूक नवजात बाळांना उबदार ठेवणारी पेटी, तयार करायचा. असलेल्या यंत्राचे सुटे भाग कमी करत जायचं, की झालं काम. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला. तिथल्या रुग्णालयात त्याला इनक्युबेटर होते, पण रिकामे दिसले. ज्या बाळांना त्यांची गरज होती ती दूरच्या खेड्यांत, घरी जन्मत होती; रुग्णालयापर्यंत ती पोचतच नव्हती. इनक्युबेटर कितीही स्वस्त केला असता तरी त्यातलं एकही बाळ वाचलं नसतं. मग प्रश्नच बदलला: वीज नसलेल्या घरात बाळाला ऊब कशी द्यायची? त्यातून 'एम्ब्रेस' हे बाळाला गुंडाळायचं छोटं दुपटं आलं. त्याच्या आतल्या मेणासारख्या पदार्थाची पिशवी एकदा तापवली की काही तास ३७ अंशांच्या आसपास उबदार राहते.

आणखी जवळचं उदाहरण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं. गडचिरोलीत बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना गावातल्या दायांनी बाळाचे श्वास मोजणं गरजेचं होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असतील तर धोका. पण अनेक दायांना तितक्या संख्येपर्यंत मोजता येत नव्हतं आणि घड्याळ वाचता येत नव्हतं. 'आधी साक्षरता वर्ग काढू' असं म्हणणं सोपं होतं, आणि त्यात कुणी चूकही काढली नसती. त्याऐवजी त्यांनी एक साधं साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दायांच्या हातांना आणि नजरेला काय जमतं हे बारकाईने बघितल्याशिवाय ही वस्तू सुचलीच नसती. मला ती एखाद्या उत्तम शिल्पाइतकी सुंदर वाटते.

तर आता तुम्ही काय करावं ते सांगते.

स्केचची वही घ्या आणि ज्यांच्याकडे मशीन पडून आहे अशा घरांत जा. फार घरं नकोत. वापर का थांबवलात, असं विचारू नका. 'का' विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करतो, किंवा तुम्हाला बरं वाटेल असं उत्तर देतो: 'हो हो, घालायला पाहिजे, आळस होतो.' हे उत्तर मित्राच्या पोस्टरला चपखल बसतं आणि म्हणूनच फसवं आहे. त्याऐवजी म्हणा, 'आजोबा, मशीन कसं घालता ते मला दाखवता का? मला तुमच्या हातांचं चित्र काढायचंय.' आधी परवानगी घ्या, आणि चेहरा नको म्हणाले तर चेहरा काढू नका.

मग बघा. त्या मशीनचा सेल सदऱ्याच्या छोट्या बटणापेक्षाही लहान असतो. त्याचा दरवाजा नखाने उघडावा लागतो. बोटांच्या टोकांची संवेदना कमी झालेला, थरथरत्या हातांचा, जवळचं धूसर दिसणारा माणूस तो दरवाजा कसा उघडतो? नखाने, की दुसरं काही शोधून काढलंय? झिंक-एअर प्रकारच्या सेलवर रंगीत चिकटपट्टी असते; ती काढली, हवा आत गेली, की सेल चालू होतो, आणि पट्टी पुन्हा चिकटवून तो फारसा वाचत नाही. घरात कुणी रोज रात्री ती पट्टी काळजीपूर्वक परत लावून ठेवतंय का? लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची, हे शिबिरात एकदा सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहिलं आहे? चष्म्याची काडी आणि मशीन कानामागच्या एकाच जागेसाठी भांडतात का? कानात बसवायचा साचा सैल बसला की मशीन शीळ घालतं. ती शीळ त्या माणसाला स्वतःला कदाचित ऐकू येत नसेल, पण शेजारी बसलेल्यांना येते आणि ते चमकून बघतात. त्या बघण्याने किती जणांनी मशीन काढून ठेवलं असेल?

काही गोष्टी हातांत दिसणार नाहीत, त्या बोलण्यात निघतील. कित्येक वर्षं कमी ऐकण्याची सवय झालेल्या मेंदूवर मशीन एकदम सगळं ओततं: भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, स्वतःचं चावणं. त्यातून माणसाचं बोलणं वेगळं काढायला मेंदूला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. हे आधी कुणी नीट सांगितलं नसेल तर पहिल्याच दिवशी 'हे मशीन खराब आहे' असा निकाल लागतो. निकाल लावणाऱ्याचं त्यात काही चुकत नाही.

इथे चित्रच का काढायचं, व्हिडिओ का नाही? व्हिडिओ घ्यायला हरकत नाही. पण चित्र काढताना आपल्याला बघावंच लागतं. अंगठा दरवाजाच्या कडेवर नेमका कुठे टेकला आहे हे न बघता ती रेघ ओढता येत नाही. आणि समोरचा माणूस, कुणीतरी आपल्या हातांकडे इतका वेळ लक्ष देऊन बघतंय म्हटल्यावर, प्रश्नावलीला जे सांगत नाही ते हळूहळू बोलायला लागतो. तुमच्या मित्राला हे साधन उपलब्ध नाही. तुम्हाला आहे.

घरातल्या इतरांकडेही लक्ष द्या. मला शंका आहे की अडचणीचा बराच भाग मशीनमध्ये नसून भोवतालच्या माणसांत सापडेल. मशीन आलं म्हणजे आता सगळं ऐकू येणार, असं घरच्यांनी गृहीत धरलं, आणि ते पाठ फिरवून, दुसऱ्या खोलीतून, तिघं एकदम बोलत राहिले, तर कुठलंही मशीन हरेल. ब्राझीलचे नाट्यकर्मी अगुस्तो बोआल यांनी अशा गुंत्यांसाठीच एक नाट्यप्रकार घडवला. नटांनी अडचणीचा प्रसंग करून दाखवायचा, तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा, आणि प्रेक्षकांपैकी कुणीही 'थांबा' म्हणून नटाच्या जागी जायचं आणि वेगळं वागून बघायचं. १९९३ ते १९९६ या काळात ते रिओ द जानेरोच्या नगरसभेत निवडून आलेले सदस्य होते. वस्त्यांमधल्या अशा प्रयोगांतून पुढे आलेल्या सूचनांचे त्यांनी तिथे कायदे करून घेतले, एकूण १३. तुमच्या शिबिरात एखादा असा प्रसंग करून बघा: जेवणाची वेळ, सगळे एकदम बोलताहेत, आजी गप्प. सुनेला आजीच्या जागी बसवा, नातवाला आजोबांच्या. भाषणाने जे होत नाही ते यातून होण्याची शक्यता मला दिसते.

वही भरली की लगेच उपायाची सुंदर चित्रं काढायला बसू नका. ओबडधोबड नमुने करा. पुठ्ठा, माती, तार, चिकटपट्टी. दरवाजा उघडायला छोटी लाकडी काडी, सेल बदलायला लोहचुंबक लावलेली पेन्सिल, उजवं-डावं लगेच कळेल अशी डबी. मुद्दाम वाईट दिसतील असे करा, कारण सुबक वस्तूला लोक नावं ठेवायला कचरतात. पुठ्ठ्याच्या तुकड्याला बिनधास्त सांगतात, 'हे काही कामाचं नाही.' आणि तुम्हाला तेच ऐकायला हवं आहे.

जयपूर फूटची जन्मकथा याच वळणाची आहे. तेव्हा मिळणारा कृत्रिम पाय बुटासाठी बनवलेला होता. तो लावून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात चालता येत नसे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कसबी कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद यांनी मिळून रबराचा, पायासारखा दिसणारा आणि घोट्यात वळणारा पाय घडवला. त्यासाठी टायरला नवं रबर चढवणाऱ्यांचं तंत्र वापरलं. शर्मांचं औपचारिक शिक्षण फार नव्हतं, पण कुठलं साहित्य कसं वळतं हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. पायाच्या सांध्यांत नेमकं काय चालतं हे डॉक्टरांना ठाऊक होतं. तुम्हा दोघांची जोडी जमली तर ती या प्रकारची जमावी असं मला मनापासून वाटतं.

इथवर मी तुमची बाजू घेतली. आता मित्राची घेते.

कलाकाराला एक खोड असते: प्रतिमेच्या प्रेमात पडण्याची. तिने केवढं नुकसान होतं याचं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेला 'प्लेपंप'. मुलांचं गोल फिरणारं चक्र जमिनीखालच्या पंपाला जोडायचं. मुलं खेळतील, चक्र फिरेल, पाणी वर टाकीत चढेल. टाकीच्या बाजूंवर जाहिराती लावायच्या, त्या पैशांतून देखभाल करायची. किती देखणी कल्पना! २००६ मध्ये अमेरिकेचं सरकार आणि काही प्रतिष्ठानांनी त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे ठरले. प्रत्यक्षात मुलं थकायची, कंटाळायची. मग ते जड चक्र बायकांना हाताने ढकलत बसावं लागायचं. बिघाड झाला की दुरुस्तीला कुणी लवकर येत नसे, आणि पंप साध्या हातपंपाच्या कितीतरी पट महाग होता. २००९ मध्ये 'गार्डियन' या वृत्तपत्राने हिशोब मांडला: ठरलेल्या संख्येच्या लोकांना पुरेल इतकं पाणी चढवायचं तर मुलांनी दिवसातले २७ तास खेळायला हवं. मोहीम गुंडाळावी लागली.

हा हिशोब कागदाच्या एका कोपऱ्यात करता आला असता. तो वेळेवर झाला नाही, कारण हसत खेळणारी मुलं आणि वाहणारं पाणी हे चित्र फार गोड होतं. तुमच्या वहीतूनही असं एखादं गोड चित्र निघेल. तेव्हा मित्राला रुक्ष प्रश्न विचारू द्या. हजारावी डबी कोण बनवणार? तुटली तर? सेल कुठून येणार, कोण बदलून देणार? तुम्ही सहा महिन्यांनी इथे नसलात तर? हे प्रश्न तो तुमचा उत्साह मारायला विचारतो असं समजू नका. आपण चित्रात एखादा रंग लावतो आणि चार पावलं मागे जाऊन बघतो, तसं त्याचं हे मागे जाऊन बघणं आहे.

देखभालीच्या बाबतीत तर मी पूर्णपणे त्याच्या बाजूची आहे. न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन यूकेलिस या कलाकाराने मूल झाल्यावर, १९६९ मध्ये, एक जाहीरनामा लिहिला. नवं निर्माण करण्याचं सगळ्यांना कौतुक, पण क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार, असा तिचा सवाल होता. पुढे ती त्या शहराच्या सफाई खात्याची निवासी कलाकार, म्हणजे त्या खात्यासोबत काम करणारी कलाकार, झाली. १९७९-८० मध्ये तिने सुमारे साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. तुमच्या उद्योगातही खरी कल्पकता लागणार आहे ती मशीन दिल्यानंतरच्या कामात: मळ साफ करणं, साचा पुन्हा बसवणं, दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी घरी जाणं. हे काम कुणाच्या भाषणात येत नाही, आणि मशीन कानात राहणार की कपाटात जाणार हे बहुधा तिथेच ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना श्रवणाच्या पुनर्वसनाची गरज आहे. मशीन वाटून झालं की पुनर्वसन झालं, असं धरून चाललो तर आपण फक्त कपाटं भरू.

मित्राशी बोलायला जाताना 'मला नाही पटत' एवढंच घेऊन जाऊ नका. त्याच्या डोक्यावर देणगीदारांचा अहवाल आहे, त्याला आकडा लागतो. तर त्याला वेगळा आकडा सुचवा. आत्ता तुम्ही किती मशीन दिली ते मोजता. तीन महिन्यांनी किती मशीन रोज कानात असतात ते मोजा. हा आकडा सुरुवातीला लाजिरवाणा असेल. पण देणगीदारांपुढे तो मांडून 'हा वाढवण्यासाठी आम्ही हे करतो आहोत' असं म्हणणारा उद्योग मला तरी जास्त विश्वासाचा वाटेल. पोस्टरांसाठी ठेवलेला वेळ घरभेटींना मागा, आणि त्याची मुदत तुम्हीच ठरवून सांगा. मोकळा, अमर्याद वेळ मागितलात तर तो नाही म्हणेल, आणि त्याच्या जागी मीही नाही म्हटलं असतं. पहिल्या एक-दोन घरांना त्याला सोबत न्या. त्याने तो सेलचा दरवाजा थरथरत्या बोटांनी उघडताना स्वतः बघितला, तर तुम्हाला फार वाद घालावा लागणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. या कामात पडून तुम्ही अजून चित्रकार आहात का.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात रिक लोव नावाचे चित्रकार वस्तीतल्या अडचणींवर मोठमोठी चित्रं काढत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या स्टुडिओत काही शाळकरी मुलं आली. त्यातला एक मुलगा म्हणाला, तुमच्या चित्रांत आमच्या अडचणी दिसतात, पण त्या आम्हाला माहीतच आहेत. तुम्ही कलाकार आहात, सर्जनशील आहात, तर एखादा उपाय का निर्माण करत नाही? लोव यांनी तो प्रश्न सोडून दिला नाही. १९९३ मध्ये त्यांनी काही कलाकारांबरोबर थर्ड वॉर्ड भागातली पडायला आलेली २२ छोटी घरं हाती घेतली. काही घरांत कलाकारांचं काम सुरू झालं, काही घरं एकट्या तरुण आयांना मुलांसह राहून शिक्षण पुरं करण्यासाठी दिली. 'प्रोजेक्ट रो हाउसेस' अजून चालू आहे. घरांची ओळ, तिची लय, माणसांनी भरलेले ओटे, हे सगळं लोव यांनी चित्रकाराच्या नजरेनेच बघितलं. आणि पुढे ते कॅनव्हासकडेही परतले.

हे उदाहरण दिलं तरी मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. समाजासाठी केलेलं प्रत्येक काम म्हणजे कलाच, असं हल्ली फार सहज म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. तुमच्या मनात जी चित्रं थांबली आहेत ती या कामाने भरून निघणार नाहीत. सेलच्या दरवाजावरचे हात ही तुमची चित्रं होऊ शकतात, किंवा होणारही नाहीत. ती व्हायलाच हवीत अशी सक्ती स्वतःवर करू नका. ज्या नजरेच्या जोरावर तुम्ही या उद्योगाला उपयोगी आहात, ती नजर कुणालाही उत्तर न देता, कुठल्याही उपयोगाविना काम करण्यातून धारदार राहते. तेव्हा आठवड्यातला ठरावीक वेळ फक्त स्वतःच्या चित्रांसाठी राखा आणि तो मीटिंगला देऊ नका. मित्राला हे सांगताना अपराधी वाटून घेऊ नका. गायक रियाझासाठी कुणाची माफी मागत नाही.

एक शेवटची, व्यवहाराची गोष्ट. तुम्ही भागीदार म्हणून आलात असं लिहिलं आहे, पण पत्रावरून तुमची भूमिका कुठे लिहिलेली दिसत नाही. ती लिहून घ्या. नवा उपक्रम ठरवण्याच्या पहिल्या बैठकीत तुम्ही असाल. घरभेटी आणि नमुने हे काम समजलं जाईल आणि त्याला इतर कामाइतकंच मानधन असेल. तुम्ही काढलेल्या चित्रांवर तुमचा हक्क राहील. आणि ज्यांची चित्रं काढली त्यांच्या परवानगीशिवाय ती प्रचारात वापरली जाणार नाहीत. मैत्री आहे म्हणून हे तोंडी ठेवू नका. मैत्रीत तोंडी ठेवलेल्या गोष्टीच पुढे जास्त दुखतात. कागद साधा असू दे, पानभराचा. सहा महिन्यांनी दोघं मिळून तो पुन्हा वाचा, आणि दोघांपैकी कुणालाही त्यातलं काही खटकत असेल तर ते तेव्हाच बदला.